पाणी चढण्याआधी: निवृत्तीच्या पैशाची तयारी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पगारपत्रकं करण्यात माझी 31 वर्षं गेली. निवृत्त होणाऱ्या कितीतरी जणांचे पीएफचे फॉर्म मी भरले आणि स्वतःची पाळी आली तेव्हा मात्र गाफील राहिले. 2020 च्या फेब्रुवारीअखेर घरी आले. जानेवारीत सेन्सेक्स 42,000 वर जाऊन आला होता. 23 मार्चला तो एका दिवसात 3,934 अंकांनी कोसळून 25,981 वर बंद झाला. ग्रॅच्युइटी टाळेबंदीत अडकलेली, बाकी सगळं शेअर फंडात. एप्रिलमध्ये किराणा भरायला युनिट विकावे लागले. म्हणून ज्यांच्या हातात अजून दोनेक वर्षं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी वही घाला, फंडांच्या याद्या नंतर. बारा महिने घरात काय जातं ते लिहा. दूध, गॅस, किराणा सगळेच लिहितात. घरपट्टी, गाडीचा विमा, मेडिक्लेमचा हप्ता, दिवाळी आणि लग्नांतले आहेर राहून जातात. आमचा आकडा मी तोंडी 32 हजार सांगायचे, वहीत तो 41 हजार निघाला. आमचे हे अजूनही म्हणतात, वहीच चुकली.

या खर्चातून पेन्शन आणि व्याज वजा करा. समजा महिन्याला 18 हजार कमी पडतात. तीन वर्षांचे झाले 6 लाख 48 हजार. ही रक्कम निवृत्तीच्या दिवशी बाजाराबाहेर, बँकेच्या ठेवीत असायला हवी, आणि ती दोन वर्षं आधीपासून थोडी थोडी हलवायची. शेवटच्या महिन्यात नाही, कारण तो महिना कसा निघेल कोण सांगणार? नाशिकमध्ये गोदावरीचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात, पण गोदाकाठचे दुकानदार पाणी त्याच्या छातीला लागेपर्यंत थांबत नाहीत. गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्याचं कळलं की माल वर जातो.

तीन वर्षंच का, तर हिशेब बघा. युनिट 50 रुपयांना असताना 30 हजार काढायला 600 युनिट विकावे लागतात. तोच 32 वर आला की 938. वरचे 338 युनिट गेले ते गेले, पुढे बाजार कितीही चढला तरी ते आपल्याकडे नसतात. नोकरीत असताना पडलेला बाजार एसआयपीला, म्हणजे दरमहा फंडात जाणाऱ्या ठरावीक रकमेला, स्वस्त माल देतो, निवृत्तीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मात्र तोच मूळ खातो. माझं झालं ते हेच.

पीएफचं काम सहा महिने आधी काढा. आधार, पॅन आणि यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) या तिन्हींवर नावाचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर न अक्षर सारखं आहे का, जन्मतारीख एकच आहे का, जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का, हे बघा. एका 'दत्तात्रय'च्या स्पेलिंगमधल्या एका जादा 'ए'साठी मी चार महिने कागद फिरवले आहेत. ई-नॉमिनेशन, म्हणजे वारसाची ऑनलाइन नोंद, तीही तेव्हाच उरका. पीएफसोबतच्या पेन्शनकडून फार आशा नको: पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले 70, आणि पगाराची मर्यादा 15 हजार. पूर्ण पगारावर जादा पेन्शनचा पर्याय घेतला नसेल तर 35 वर्षांनाही साडेसात हजारांवर जात नाही.

पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतर सगळ्यांना, आणि 55 नंतर निवृत्त झालेल्यांना पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत उघडता येते. मर्यादा 2023 पासून 30 लाख. 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500 रुपये येतात. उघडताना असलेला दर पाच वर्षं टिकतो, पण उघडायला उशीर केला तर दर बदलू शकतो: 2020 च्या एप्रिलमध्ये तो 8.6 वरून 7.4 वर आला होता.

बँकेतल्या ठेवीला विमा आहे तो एका बँकेत एका माणसाला, सगळ्या शाखा आणि व्याज धरून, 5 लाखांचा. पतसंस्थेला तो लागूच नाही. चेअरमन ओळखीचे आहेत, गल्लीतलेच आहेत, यापेक्षा मोठी हमी तिथे नसते.

चेक जमा झाला की बँकेतून फोन येतो. मला पेन्शनची म्हणून जी योजना दाखवली, ती दहा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी निघाली. सही झालीच असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते, ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. दुसरा फोन प्लॉटवाल्याचा. सिंहस्थ आला की दिंडोरी रोड, पेठ रोड, त्र्यंबक रोड, सगळीकडे भाव वाढणारच असतात. वाढतीलही, पण प्लॉटमधून दर महिन्याला दोन गुंठे विकून किराणा भरता येत नाही.

म्हणून सगळं बाजारातून काढायचं असंही नाही. 58 ते 85 म्हणजे 27 वर्षं. महागाई 6 टक्के धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट. तीन वर्षांची सोय आणि पोस्टातलं सोडून उरलेलं शेअर फंडात राहू द्या. काढाल ते दर वर्षी थोडं, कारण वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही, त्याच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के.

कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. स्वतःचा निदान तीन वर्षं आधी घ्या, कारण आधीच्या आजारांना तेवढी वाट पाहावी लागू शकते. शेवटी एक निळी फाइल: खाती, पॉलिसी, नॉमिनी, लॉकरची किल्ली. आमची देवघराच्या खालच्या खणात आहे, आणि ती कुठे आहे हे यांना दर दिवाळीला परत दाखवावं लागतं.