पावसात अडकणारा खण असा सुटला

फोंड्याला, घराच्या पडवीत मी बँडसॉवर (सलग फिरणाऱ्या पट्टीच्या यंत्रकरवतीवर) फणसाच्या ठोकळ्यांतून नक्षीदार पेट्या कापतो; पेटीचा खणही त्याच ठोकळ्यातून निघतो. मे महिन्यात सुळकन सरकणारा खण पाऊस लागला की घट्ट बसायचा. ओढताना मूठच हातात यायची.

कारणं दोन. खण कापायला पातं ठोकळ्याच्या बाहेरून ज्या वाटेने आत शिरतं, ती चीर नंतर चिकटवून बंद केली की पोकळी पात्याच्या जाडीइतकी आवळते. दुसरं, लाकूड तंतूंच्या लांबीत जवळपास वाढत नाही, आडवं मात्र चांगलंच फुगतं. बाहेर पॉलिश आणि खण आतून कोरा, मग दमट हवा तोच आधी पिणार!

मी पोकळीत खडू घासला, खण आतबाहेर केला. खणावर जिथे पांढरं उमटलं तेवढंच १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं, पुन्हा खडू. सगळा खण घासू नका, सैल पडला तर पेटीची शान जाते. मग खणाला आतून, बाहेरून, तळालाही शेलॅकचे (लाखेच्या पॉलिशचे) पातळ हात दिले, वर मेण.

आता भर श्रावणातही तो बोटाने सरकतो. नव्या पेटीत ती चीर मी बाजूला न घेता तळाला घेतो. सांधाही दिसत नाही.