भिगवणवरून आलात आणि सगळे फोटो हललेले? या चुका टाळा

पहिल्यांदा भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर पक्षी बघायला, गेलो तेव्हा पहाटे साडेतीनला पुणं सोडलं, चौघं मित्र, सोलापूर रोडला एक चहा, उजाडायच्या आत कुंभारगावात होडीत बसलो आणि दोन तासांत मी सातशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन लॅपटॉपवर टाकले तर एक धड नाही. रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, होते की सगळ्या फोटोत, पण कुठे नुसता गुलाबी ढग, कुठे पाय कापलेले, कुठे उजनीचं सगळं पाणी एका बाजूला कललंय आणि पक्षी आता घरंगळणार असं वाटतंय. मग सगळे जे करतात तेच मीही केलं, लेन्सला शिव्या घातल्या आणि तीस हजारांची दुसरी लेन्स ऑनलाइन बघायला लागलो. नशीब, त्या महिन्यात खिसा रिकामा होता.

नवीन लेन्स येणार नव्हती म्हणून तेच खराब फोटो परत परत मोठे करून बघत बसलो, आणि तेव्हा लक्षात आलं की मी ज्याला सरसकट "हललाय" म्हणतोय त्यात तीन वेगवेगळे आजार आहेत आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे. तापावर खोकल्याचं औषध घेतलं तर काय होणार? तेच होत होतं.

आधी आजार ओळखा

फोटो १०० टक्के झूम करा. पाण्यावर उन्हाचे ठिपके चमकतात ना, ते बघा. ठिपक्यांच्या जागी छोट्या छोट्या रेघा दिसतायत, सगळ्या एकाच दिशेला? मग कॅमेरा हललाय, म्हणजे तुमचा हात किंवा होडी. ठिपके छान टोकदार आहेत पण पक्ष्याचे पंख फराटल्यासारखे? मग हात ठीक होता, शटर स्पीड, म्हणजे फोटो टिपायचा वेग, कमी पडला. आणि पक्षी मऊ मऊ पण मागचं गवत किंवा पुढचं होडीचं टोक एकदम कडक? मग फोकसच दुसरीकडे गेलाय, शटर कितीही वाढवा, काही फरक पडणार नाही.

माझ्या सातशेतले निम्म्याहून जास्त पहिल्या प्रकारातले निघाले. प्रत्येक फोटोत शटर, अॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र, आयएसओ म्हणजे उजेड किती वाढवून टिपायचा तो आकडा, सगळं साठवलेलं असतं, ते उघडून बघितलं तर ३०० एमएमला शटर १/२५०, म्हणजे सेकंदाचा अडीचशेवा भाग. आता जुना साधा हिशोब असा की जेवढी फोकल लेंथ, म्हणजे लेन्सचा एमएमचा आकडा, तेवढा तरी शटरचा खालचा आकडा हवा, आणि सेन्सर छोटा असेल तर त्याला निकॉन-सोनीत १.५ नं, कॅननमध्ये १.६ नं गुणायचं. म्हणजे ३०० चे झाले ४५०, म्हणजे १/५०० च्या खाली जायचंच नाही, आणि हे जमिनीवर पाय रोवून उभं राहिल्यावर. होडीत बसलोय, शेजारचा मित्र दर दोन मिनिटांनी जागा बदलतोय, तर १/१००० धरा. उडणारा पक्षी हवा असेल तर १/२००० पासून सुरू करा. आणि लेन्सवर स्टॅबिलायझेशन लिहिलंय म्हणून निवांत राहू नका, ते तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, रोहिताचे पंख नाही थांबवत.

आयएसओ १०० ची अंधश्रद्धा

मग मी १/२५० वर का होतो? कारण कुणीतरी कधीतरी सांगितलेलं की आयएसओ वाढवला की फोटोत दाणे येतात, आणि मी ते शपथ घेतल्यासारखं पाळत होतो. जानेवारीत आपल्याकडे सूर्यच सातनंतर वर येतो, त्या उजेडात एफ ६.३ च्या लेन्सनं १/१००० हवं असेल तर आयएसओ ३२०० लागणारच, त्याला इलाज नाही. दाणे आलेला फोटो सॉफ्टवेअरमध्ये बऱ्यापैकी साफ होतो, हललेला होत नाही. वर गंमत अशी की आयएसओ कमी ठेवून अंधारा काढलेला फोटो नंतर उजळवला की बऱ्याचदा उलट जास्तच दाणे दिसतात.

सगळ्यात सोपा तोडगा म्हणजे ऑटो आयएसओ लावायचा आणि त्याच मेनूत किमान शटर स्पीड १/१००० सांगून ठेवायचा. बऱ्याच कॅमेऱ्यांत ही सोय असते आणि बरेच जण तो मेनू कधी उघडतच नाहीत. मी दोन वर्षं उघडला नव्हता.

फोकस कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडू नका

होडीतून जाताना मच्छीमारांनी जाळ्यासाठी पाण्यात रोवलेले बांबू दिसतात, त्यावर खंड्या बसलेला असतो, निळा, चकचकीत. मी क्लिक केलं, घरी आल्यावर बघतो तर बांबूची एक सुटलेली ढलपी इतकी स्पष्ट की तिच्यावरच्या रेषा मोजून घ्याव्यात, आणि खंड्या पाठीमागे निळा डाग. फोकसचे सगळे पॉइंट चालू असले की कॅमेरा बहुतेक वेळा जवळची, ठळक गोष्ट पकडतो. एकच पॉइंट निवडा, तो डोळ्यावर ठेवा, डोळा सापडत नसेल तर मानेवर. हलणाऱ्या पक्ष्याला कंटिन्युअस, म्हणजे सतत जुळवत राहणारा, फोकस लावा, नाहीतर बटण अर्धं दाबून तुम्ही वाट बघत बसता आणि तेवढ्यात होडी एक फूट पुढे सरकलेली असते. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा आपोआप ओळखतात, फार भारी आहे ते, पण मध्ये वाळकी काडी आली की तेही गडबडतात.

बगळा पांढरा फट्ट, म्हैस राखाडी

हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि कळल्यावर सगळ्यात जास्त मजा आली. कॅमेऱ्याच्या मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या भागाला, बगळा काय, म्हैस काय, काही कळत नाही, तो समोरचं सगळं मिसळून मधला राखाडी रंग काढायला बघतो. काळपट पाण्यात एक छोटा पांढरा बगळा असला की मीटर म्हणतो अंधार आहे, वाढव उजेड, आणि बगळ्याची पिसं जळून नुसता पांढरा कागद उरतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरपेक्षा उजेड मुद्दाम कमी-जास्त करायची सोय, उणे ०.७ किंवा उणे १. तोच बगळा आभाळावर उडाला की उलटं, आभाळ उजळ म्हणून मीटर उजेड कमी करतो आणि बगळा मळक्या धोतरासारखा दिसतो, तिथे अधिक १. काठावर म्हशी असतात, पाठीवर कोतवाल बसलेला, काळ्यावर काळा, तो फोटो मीटर उगाच उजळवतो आणि म्हैस राखाडी होते, तिथे परत उणे. पावसाळ्यात सिंहगडावर धुकं आलं की फोटो मळकट येतात ना सगळ्यांचे, ते याच्यामुळेच, अधिक १ करून बघा एकदा.

आणि हे ठरवताना कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर भरवसा ठेवू नका. पहाटे अंधारात स्क्रीन झगझगीत दिसते, वाटतं फोटो उजळ आलाय, घरी बघावं तर काळोख. दहा वाजता उन्हात बरोबर उलटं. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत अंधारं-उजळ किती आहे ते दाखवणारा आलेख, बघायची सवय लावा, नाहीच जमलं तर निदान जळलेला भाग लुकलुकतो तो इशारा चालू करून ठेवा. पिसं लुकलुकली की लगेच उजेड कमी करायचा, नंतर काही मिळत नाही तिथलं.

होडी कुठे लावायची हे न विचारणं

दुसऱ्या वेळी गेलो तेव्हाचा होडीवाला दादा बोलका होता. मी कॅमेऱ्याच्या बटणांत डोकं घालून बसलेलो, तो एकदम म्हणाला, "साहेब, आता उठतील बघा, माना वर झाल्यात." मी बघितलं तर खरंच, आत्तापर्यंत सगळ्यांची डोकी उलटी पाण्यात होती, खाणं चाललेलं, आणि आता एकेक मान काठीसारखी सरळ झालेली, सगळे एकाच बाजूला चालायला लागलेले. मग चालणं जोरात, मग पाण्यावर धपाधप पावलं टाकत पळत सुटले आणि उठले. मला पहिल्यांदा पुरेसा वेळ मिळाला होता.

रोहिताला उठायला धावपट्टी लागते आणि तो वाऱ्याच्या तोंडाला उठतो. हे एकदा कळलं की बाकीचं गणित सोपं आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी हवा, आणि वाराही पाठीशी असला तर सोन्याहून पिवळं, पक्षी आपल्या दिशेला तोंड करून उठतो. वारा समोरून असेल तर शंभर शेपट्यांचे फोटो मिळतील, माझ्याकडे आहेत, हवे असतील तर देतो. म्हणून होडीत बसायच्या आधीच दादांना सांगा की ऊन पाठीमागे ठेवा, लांबूनच इंजिन बंद करा आणि बांबूनं हळूहळू न्या. त्यांचं अख्खं आयुष्य त्या पाण्यावर गेलंय, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

पण एक करू नका. "जरा उडवा ना दादा" म्हणणारे लोक मी बघितलेत, टाळ्या वाजवणारे, होडी थव्यात घालायला लावणारे. ते पक्षी तिथे पोट भरायला आलेत. दर अर्ध्या तासाला एक होडी त्यांना उठवणार असेल तर खायचं कधी? माना वर झाल्या की तुम्ही गरजेपेक्षा जवळ गेलाय, तिथेच थांबा किंवा मागे या. मला त्या दिवशी फोटो मिळाला खरा, पण आमची होडी जास्तच जवळ गेली होती हेही तितकंच खरं.

शिकायला भिगवणला जाऊ नका

ही सगळ्यात मोठी चूक आणि ही मी सलग तीन सीझन केली. वर्षातून दोनदा शंभर किलोमीटर जायचं, होडीचे पैसे द्यायचे आणि तिथे जाऊन मेनू शोधायचा. तालीम घराजवळ करा. दुपारी अकरा-बाराच्या सुमाराला जमीन तापली की टेकडीवर घारी घिरट्या घालतात, वेताळ टेकडी किंवा पर्वतीवरून त्या जवळजवळ डोळ्यांच्या उंचीवर येतात, संथ गोल गोल फिरतात, उडता पक्षी पकडायची सवय करायला घारीसारखा गुरू नाही. पारवे जमायला लागले म्हणजे तुम्ही तयार. काळ्या रंगाचं एक्स्पोजर शिकायला कावळा आहेच, फुकट, खिडकीत येतो. पॅनिंग शिकायचं तर गल्लीच्या तोंडाशी उभं राहून १/६० वर जाणाऱ्या स्कूटरबरोबर कॅमेरा फिरवा, पहिले पन्नास वाया जाणार हे धरून चाला. लोक विचित्र बघतात, बघू देत.

आणि परत आल्यावर चांगले फोटो नंतर बघा, आधी पाच वाईट निवडा आणि प्रत्येकापुढे वहीत लिहा, हात, शटर की फोकस. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात "हात" होतं, दुसऱ्यात ते कमी होऊन "फोकस" आलं. तीस हजार वाचले ते असे.

जागेवरच काहीतरी बिघडलंय असं वाटलं तर

व्ह्यूफाइंडरमधून सगळंच धूसर दिसतंय पण काढलेला फोटो ठीक आहे? त्याच्या शेजारी एक बारकी चकती असते डोळ्यांचा नंबर जुळवायची, बॅगेत घासून ती फिरलेली असणार. फोकसच होत नाहीये? लेन्सवरची खटकी मॅन्युअलवर सरकलीय का बघा, नाहीतर तुम्ही फार जवळ उभे आहात. सगळे फोटो निळे येतायत? काल घरी पिवळ्या बल्बसाठी व्हाइट बॅलन्स बदललेला तसाच राहिला. सगळे एकसारखे काळे किंवा भुरके? कालचं कॉम्पेन्सेशन. एकामागून एक दहा-वीस दाबले आणि कॅमेरा गप्प झाला? बिघडलेला नाहीये, कार्डवर लिहितोय, श्वास घेऊ द्या त्याला. मी तर होडीत बसायच्या आधी एक फोटो माझ्या बुटाचा काढतो आणि सगळे आकडे बघून घेतो.

एसी लावलेल्या गाडीतून दमट हवेत कॅमेरा काढला की लेन्सवर वाफ धरते, ती पुसत बसू नका, परत धरते. पोचायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करा आणि बॅग बंदच ठेवा. पावसाळ्यात ओला कॅमेरा बॅगेत तसाच राहिला तर बुरशी ठरलेली, एकदा आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरली की दुरुस्तीवाल्याशिवाय निघत नाही. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेल, एवढ्यात काम होतं. तांदळात मात्र ठेवू नका, त्याची पूड आत जाते.

मोबाइलवाल्यांसाठी एकच, भिगवणला झूम ताणून पक्ष्यांच्या मागे लागू नका, होडी, जाळी, धुकं, माणसं काढा, मोबाइलवर तेच जास्त छान येतं. आणि काढायच्या आधी लेन्स पुसा. परत येताना तिथल्या खानावळीत चिलापी फ्राय खाताच तुम्ही, मग त्याच बोटांनी मोबाइल काढता आणि संध्याकाळच्या फोटोत प्रत्येक दिव्याला शेपटी येते.