युद्धग्रस्त देशातून आलेल्या विद्यार्थ्याच्या व्हिसाची मुदत संपत असेल तर काय करावे

छत्रपती संभाजीनगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आसपास, बेगमपुरा, जयसिंगपुरा या भागांत येमेन, सुदान, अफगाणिस्तान अशा देशांतील विद्यार्थी भाड्याने राहतात. त्यांपैकी अनेक जण आले ते शिकण्यासाठी. सुदानमधील युद्ध १५ एप्रिल २०२३ रोजी पेटले, तेव्हा त्या देशाचा जो विद्यार्थी येथे होता, त्याच्या कागदांवर तो त्या दिवशीही विद्यार्थीच राहिला. त्यांचे घरमालक, वर्गमित्र आणि पीएच.डी.चे मार्गदर्शक यांच्यासाठी ही माहिती आहे.

भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे युद्धातून आलेल्या माणसालाही १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेला ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५’ हाच कायदा लागू होतो, आणि मुदत संपूनही विनापरवाना राहणाऱ्यास त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून सहानुभूतीवर भिस्त ठेवू नये; हातातला व्हिसा चालू असतानाच पुढचा अर्ज दाखल झालेला असावा.

सर्वप्रथम पासपोर्टची मुदत पाहावी, कारण पासपोर्टच संपत आला असेल तर व्हिसा वाढवून घेणे अवघड होते आणि युद्धात सापडलेल्या देशाच्या दूतावासाकडून नवा पासपोर्ट यायला किती महिने लागतील याचा नेम नसतो. नूतनीकरणासाठी अर्ज केल्याची पावती किंवा दूतावासाचे पत्र मिळाले तर ते जपून ठेवावे आणि व्हिसाच्या अर्जासोबत जोडावे.

मुदतवाढीचा अर्ज परदेशी नागरिकांच्या नोंदणीसाठीच्या ई-एफआरआरओ या सरकारी संकेतस्थळावर करावयाचा असतो. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी कागद गोळा करायला लागावे. पासपोर्ट, व्हिसा, छायाचित्र, महाविद्यालयाचे बोनाफाईड, नोंदणीकृत किंवा नोटरी केलेला भाडेकरार आणि घराचे लाईट बिल हे कागद साधारणपणे लागतात. खरी अडचण येते ती नावांत. अरबी पासपोर्टवर विद्यार्थ्याचे, वडिलांचे, आजोबांचे आणि घराण्याचे अशी चार नावे असतात. आपल्या कार्यालयांना तीनच नावांची सवय असल्यामुळे बोनाफाईडवर एक नाव गळते आणि अर्ज शंका काढून परत येतो. दुसरी अडचण लाईट बिलाची. ते बहुतेक वेळा घरमालकाच्या दिवंगत वडिलांच्या नावावर असते, तेव्हा भाडेकरारात तसा स्पष्ट उल्लेख करून घरमालकाच्या आधार कार्डाची प्रत जोडलेली बरी. अर्जाचे खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या ई-मेलवरच उघडावे, कारण नेट कॅफेवाल्याने आपला ई-मेल टाकला की कार्यालयाची शंका त्याच्याकडे जाऊन पडते आणि विद्यार्थी मात्र वाट पाहत बसतो.

घरमालकाने परदेशी भाडेकरू आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन द्यायची असते. पूर्वी सी फॉर्म या नावाने ओळखला जाई तो हाच. पोलिसांची कटकट नको म्हणून पुष्कळ जण हे टाळतात. त्याने अडचणीत मात्र दोघेही येतात. भाडेकरूने घर बदलले तर पत्त्यातील बदलही कळवावा लागतो. प्रत्यक्ष बोलावणे आलेच, तर शहरात पोलीस आयुक्तालयातील आणि जिल्ह्यात पोलीस अधीक्षक कार्यालयातील परदेशी नागरिकांच्या शाखेत मूळ कागदांसह जावे.

शिक्षण संपले आणि परतणे जिवावर बेतणारे असेल, तेव्हा प्रश्न वेगळा होतो. केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ डिसेंबर २०११ रोजी ठरवलेल्या आणि २०१९ मध्ये सुधारलेल्या कार्यपद्धतीनुसार, वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, वांशिक ओळख, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची सकारण भीती असलेल्या व्यक्तीचा दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी विचार होऊ शकतो, आणि तो मिळाल्यास खासगी नोकरीही करता येते. विद्यार्थी व्हिसावर नोकरीची मुभा नसते, त्यामुळे हा फरक मोठा आहे. मात्र ‘आमच्याकडे युद्ध चालू आहे’ एवढे लिहून भागत नाही. आपले गाव कोणते, ते आज कोणाच्या ताब्यात आहे, आपल्याला किंवा घरच्यांना कोणी, केव्हा आणि कशावरून धमकावले, हे अर्जदाराने तारखांसह स्वतःच्या शब्दांत मांडावे. मित्राच्या अर्जाची नक्कल करू नये.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचे कार्यालय दिल्लीत आहे. तेथे नोंदणी आणि मुलाखतीनंतर निर्वासित कार्ड मिळू शकते, आणि या कामाला एक पैसाही लागत नाही. पैसे मागणारा दलाल भेटल्यास त्याला लांब ठेवावे. हे कार्ड उपयोगाचे आहे, परंतु ते व्हिसा नव्हे आणि त्याने व्हिसाची मुदत वाढत नाही.

सुट्टीत घरी जाऊन येण्याचा विचार असलेल्याने २०२१ ची घटना लक्षात घ्यावी. ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या हाती गेल्यावर भारताने अफगाण नागरिकांसाठी ई-इमर्जन्सी एक्स-मिस हा तातडीचा व्हिसा सुरू केला, पण २५ ऑगस्टला देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे सर्व व्हिसा एका आदेशाने रद्दही केले. त्यामुळे जे विद्यार्थी तेव्हा तिकडे होते, त्यांचा जुना विद्यार्थी व्हिसा कामाचा राहिला नाही. जाणे टळण्यासारखे नसेलच, तर निघण्यापूर्वी प्रबंध किंवा परीक्षेचे काम कोठवर आले आहे याचे लेखी पत्र मार्गदर्शकाकडून घ्यावे आणि मूळ प्रमाणपत्रे सोबत न्यावीत.