एसक्यूएल जॉइन लावताना या चुका टाळा

एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारायची भाषा, आणि जॉइन म्हणजे त्यात दोन टेबलं समान कॉलमवर जोडणं. जॉइन चुकला तरी बहुतेक वेळा एरर येत नाही. क्वेरी चालते, आकडे एक्सेलमध्ये उतरतात आणि तिथून थेट मालकासमोर जातात. म्हणून या चुकांची मला जास्त धास्ती वाटते.

सगळ्यात महागात पडते ती बेरीज फुगण्याची चूक. मस्जिद बंदरच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे तिमाहीचा हिशेब काढायचा होता. बिलं, बिलातला माल आणि जमा पावत्या अशी तीन टेबलं. तिथल्या नव्या मुलाने बिल क्रमांकावर तिन्ही जोडली आणि बेरीज मारली. वसुली विक्रीपेक्षा जास्त निघाली. शेठ म्हणाले, "अरे, अर्धा बाजार माझी उधारी थकवून बसलाय, आणि तू म्हणतोस जास्तीचे पैसे आले?"

आम्ही एकच बिल उघडलं. मालाच्या ओळी तीन: ५,०००, ४,००० आणि ३,०००. पावत्या दोन, दोन्ही ६,००० च्या. म्हणजे विक्री १२,०००, वसुलीही १२,०००. पण जोडल्यावर प्रत्येक माल प्रत्येक पावतीला चिकटला आणि सहा ओळी झाल्या. विक्री दिसली २४,०००, वसुली ३६,०००. मुलाने घाईघाईने सममध्ये (बेरजेत) डिस्टिंक्ट घातलं, म्हणजे सारखी रक्कम एकदाच धरायची. विक्री बरोबर आली, पण वसुली ६,००० झाली, कारण सारख्या रकमेची दुसरी पावती गळाली. आकडा पटला नाही की डिस्टिंक्ट मारायचं, ही सवय मला अजिबात मान्य नाही. ओळी का वाढल्या ते आधी शोधा.

इलाज सरळ आहे. मालाची बेरीज बिलवार वेगळी काढा, पावत्यांची वेगळी, आणि मग या दोन्ही बेरजा बिलांच्या टेबलाला लेफ्ट जॉइनने (डाव्या टेबलाची प्रत्येक ओळ ठेवणाऱ्या जोडणीने) जोडा, म्हणजे एकही पावती न आलेलं बिल सुटत नाही. मी प्रत्येक जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजतो. शिवाय एक बिल हाताने ताडून पाहतो. एकमेकांवर आलेल्या दोन वर्तुळांच्या (व्हेन) चित्रावरून जॉइन शिकलेल्यांना हा गुणाकार दिसतच नाही, म्हणून ते चित्र मी कुणाला दाखवत नाही.

दुसरी नेहमीची चूक: लेफ्ट जॉइन लावायचा आणि उजव्या टेबलाची अट व्हेअरमध्ये (जोडल्यानंतर ओळी गाळणाऱ्या भागात) टाकायची. जुलैत एकही ऑर्डर न दिलेली दुकानंही यादीत हवीत म्हणून लेफ्ट जॉइन लावला, आणि खाली व्हेअरमध्ये ऑर्डरचा महिना जुलै लिहिला. ऑर्डर नसलेल्या दुकानांपुढे त्या जागी नल (रिकामी जागा) असतो, नल अटीत बसत नाही, आणि नेमकी हवी ती दुकानं गायब होतात. हा झाला इनर जॉइनच, म्हणजे फक्त जुळणाऱ्या ओळी ठेवणारा. अट ऑनमध्ये (जोडणीच्या अटीत) न्या. फक्त ऑर्डर न दिलेलीच दुकानं हवी असतील, तर त्यानंतर व्हेअरमध्ये ऑर्डरची प्रायमरी की (प्रत्येक ओळीची ओळख देणारा, कधीच रिकामा नसणारा कॉलम) नल आहे का ते तपासा. दुसरा एखादा कॉलम मुळातच रिकामा असू शकतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. स्वल्पविराम देऊन टेबलं जोडू नका. जॉइन-ऑनची लिखावट १९९२ च्या मानकापासून आहे, आणि स्वल्पविरामाच्या पद्धतीत एक अट विसरली की प्रत्येक ओळ प्रत्येक ओळीला भिडते. नॅचरल जॉइन (सारख्या नावाच्या कॉलमांवर आपोआप जोडणारा) वापरूच नका. उद्या कुणी दोन्ही टेबलांत सारख्या नावाचा कॉलम घातला की तोही गुपचूप अटीत जातो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये फुल आउटर जॉइन (दोन्हीकडच्या न जुळलेल्या ओळीही ठेवणारा) नाही, तिथे लेफ्ट आणि राइट जॉइनची उत्तरं मिळून युनियन करा. नावावर जॉइन नको: एकीकडे 'दादर प.', दुसरीकडे 'दादर वेस्ट', आणि इनर जॉइन लावला तर दोन्ही नोंदी मुकाट्याने वगळल्या जातात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये फॉरेन कीवर (दुसऱ्या टेबलाच्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमवर) इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, आपोआप बनत नाही, तो स्वतः बनवा. आणि नॉट इनच्या ('या यादीत नसलेले' अशा अटीच्या) आतल्या यादीत एक जरी नल आला तरी उत्तरात एकही ओळ येत नाही. तिथे मी नेहमी नॉट एक्झिस्ट्स ('अशी जुळणारी ओळच नाही' ही अट) लिहितो.