दारू सुटल्यावर परत डोंगर चढायचाय? असं सुरू करा
दारू बंद केल्याकेल्या लगेच डोंगरावर जाऊ नका, पहिल्या काही दिवसांत हात थरथरतात, घाम येतो, कधी फिट पण येऊ शकते, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. पाय बधिर वाटत असतील तर तेही सांगा, खूप वर्षं पिल्याने नसांवर परिणाम होतो आणि मग उतरताना तोल जातो, बुटाने फोड आलेला कळत पण नाही.
सुरुवात छोट्या वाटेने. खाणं-पाणी भरपूर ठेवा, भूक आणि थकवा आला की तलफ जोरात येते, पण थोड्या वेळाने ओसरते, तेवढं चालत राहा नाहीतर सोबत्याला सरळ सांगा. सोबती न पिणाराच हवा, यात तडजोड नको! आणि उतरल्यानंतरची संध्याकाळ आधीच ठरवून ठेवा, खरा धोका तिथेच असतो.