चाळीत भरण्याआधी कांद्याची मान दाबून बघा

उन्हाळ कांदा काढणीला आलाय आणि आभाळ भरून येतंय. अशा वेळी नाशिकच्या निफाड-चांदवड-येवल्याकडे दरवर्षी जे बघतो, तेच यंदाही सुरू झालंय. सकाळी उपटला, दुपारी पात कापली, दिवस मावळायच्या आत चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर छपरात. मग ऑगस्टमध्ये चाळीजवळून जाताना नाक धरावं लागतं, आणि दोष पावसाला, बियाण्याला, नाहीतर सरकारला. कांदा न सुकवता भरला, हे कोणी कबूल करत नाही.

सरकारचा दोष नाही असं मी म्हणत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ८ डिसेंबरला थेट बंदी. ती उठली मे २०२४ मध्ये, तीही शुल्क ठेवूनच. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. त्याआधी फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांद्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) झाली आणि शेतकऱ्याच्या हाती २ रुपयांचा चेक पडला. भाव आपल्या हातात नाही. माल थांबवून धरणं तेवढं हातात आहे, आणि थांबतो तो सुकलेलाच कांदा.

हिशेब करून बघा. आकडे समजण्यापुरते धरतो. १०० क्विंटल कांदा जूनमध्ये क्विंटलला १२०० नं विकला तर १,२०,००० रुपये. तोच चाळीत ठेवला, सप्टेंबरला भाव २००० झाला, पण ४० क्विंटल सड, घट आणि मोडात गेला, तर उरलेल्या ६० चे पुन्हा १,२०,०००च. चार महिने राखण, निवडायची मजुरी, डोक्याला ताप, सगळं फुकट. नुकसान २५ क्विंटलवर रोखलं तर दीड लाख. ही तफावत बहुतेक वेळा पंधरवड्याच्या सुकवणीची असते.

आणि हा प्रश्न आपल्या खिशापुरता नाही. खरिपाचा माल येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, देशाला याच कांद्यावर काढायचं असतं. चाळी सडल्या की नेमका तेव्हा भाव चढतो, आणि आपल्याकडे विकायला काही नसतं. आपल्याच रानात कांदे काढणाऱ्या बाया दिवाळीच्या तोंडावर पावशेर पावशेर कांदा विकत घेतात. भाकरी, चटणी आणि कांद्यावर दिवस काढणाऱ्या घरातनं महागाईत आधी कांदाच जातो.

सुकवणी अशी करा. उपटलेला कांदा पातीसकट ३ ते ४ दिवस वाफ्यातच पसरा. ढीग नको. पुढच्या ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर येईल असा लावा, म्हणजे ऊन थेट कांद्याला लागत नाही. मग पात पिळून एक ते दीड इंच मान ठेवून कापा. मान कांद्यालगत छाटली की सडीला दारच उघडलं. त्यानंतर सावलीत पातळ थरात आणखी १० ते १२ दिवस. शिफारस एवढी आहे. माझी खूण वेगळी: मान चिमटीत दाबायची, बोटाला ओल लागली तर अजून थांबायचं. मूठभर कांदे हातात चोळले की पत्ती (वरचं सुकं साल) वाजली पाहिजे. वाजली नाही तर पंधरा दिवस झाले असले तरी मी भरत नाही.

बाकीची कामं:
- नत्र: लागवडीनंतर ६० दिवसांनी बंद (शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश).
- पाणी: काढणीआधी १५ दिवस तोडा.
- काढणी: निम्म्या माना पडल्या की.
- डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), जोड, चिरलेला, गोल्टी (बारीक कांदा) वेगळी.
- चाळ: तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, पाखी (कांदा भरायचा कप्पा) ४ फूट रुंद, थर ५ फुटांच्या आत.

दुकानात या दिवसांत दोन गोष्टी गळ्यात मारतात. एक, शेवटच्या महिन्यात कांदा फुगवायची बाटली. कांदा फुगतो की नाही ते देव जाणे, पात मात्र हिरवी राहते, मान जाड होते आणि जाड मान वाळत नाही. मीही एकदा घेतली होती. त्या वर्षीची चाळ पोळ्याच्या आत उपसावी लागली. दुसरी, चाळीत मारायची ‘टिकवण’ भुकटी. पुडीवर औषधाचं नाव नाही, प्रमाण नाही. खायच्या वस्तूवर असलं काही मारू नका. ते पैसे दोन मजुरांना द्या आणि कांदा उलथून घ्या.

आता पावसाचं. २०२५ च्या मेमधल्या अवकाळी पावसात कांद्याचं झालं ते आठवा. अंदाज दोन दिवसांवर पावसाचा असेल तर काढणीच थांबवा. जमिनीतला कांदा एखादी सर सोसतो, उपटलेला सोसत नाही. काढून पडलेला असेल तर उंचवट्यावर घेऊन ताडपत्री टाका, पण पाऊस उघडला की तासाभरात काढा. ताडपत्रीखाली कांद्याला घाम सुटतो आणि काजळी (काळी बुरशी) तिथूनच धरते. भिजलेला कांदा वेगळा सुकवा आणि मिळेल त्या भावात आधी विका. सुक्या मालात त्याची एक टोपलीही मिसळू नका.