फॅशन ब्रँडच्या पॅकेजिंगमध्ये यायचंय? मग आधी रंगाचं बघा

‘जरा पोर्टफोलिओ बघून सांगाल का’ असे निरोप येतात, आणि उघडावं तर बहुतेकांत तोच प्रकार. संगमरवरावर काळा खोका, वर सोनेरी लोगो, बाजूला वाळक्या गवताची काडी. सगळे मॉकअप, म्हणजे कॉम्प्युटरवरची तयार चित्रं. खोका हातात धरलेला एकही फोटो नाही. कडू वाटेल, पण काम देणाऱ्याला यातून एवढंच कळतं की तुम्हाला तयार फाइल डाउनलोड करून तिच्यावर लोगो चिकटवता येतो. एआयकडून काढलेल्या खोक्यांचं तर बोलायलाच नको. त्यांना गोंद लावायची पट्टीसुद्धा नसते.

डायलाइन (खोका कापायच्या-दुमडायच्या रेषांचा आराखडा), ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई), आरजीबी-सीएमवायके (पडद्यावरचे आणि छपाईतले रंग) हे तुम्हाला येतं असं धरून पुढे जाते.

साबणाच्या किंवा बिस्किटांच्या वेष्टनाला दुकानात गिऱ्हाईक ओढायचं असतं. कपड्याचा, चपलेचा, पर्सचा खोका बहुतेक वेळा विक्री झाल्यावर हातात पडतो. माल गेलेला, पैसे आलेले. मग त्या खोक्याने करायचं काय? पिशवी घेऊन माणूस चार लोकांतून जातो ती जाहिरात, आणि घरी गेल्यावर खोका टाकवत नाही म्हणून कपाटात राहतो ती दुसरी. दोन्ही ठिकाणी लोक लोगो वाचायच्या आधी रंग ओळखतात. दागिन्यांच्या टिफनी कंपनीने आपल्या निळ्याचा ट्रेडमार्क 1998 मध्ये घेतला, आणि पँटोनमध्ये, म्हणजे रंगांना नंबर देणाऱ्या कंपनीच्या यादीत, त्याचं नाव ‘1837 ब्लू’, म्हणजे कंपनी सुरू झाली ते वर्ष. पर्स-स्कार्फवाल्या हर्मेस या फ्रेंच ब्रँडचा नारिंगी मात्र कुठल्याही ‘रंगांचं मानसशास्त्र’ तक्त्यातून आलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात नेहमीचा क्रीम रंगाचा पुठ्ठा मिळेना, पुरवठादाराकडे नारिंगी होता, तो वापरला. पुढे वर्षानुवर्षं तो सोडला नाही, एवढीच हुशारी. म्हणून ‘लाल म्हणजे उत्कटता’ छापाच्या कोर्सवर पैसे घालवू नका, असं माझं मत. चिकाटीने एकच रंग सगळीकडे सारखा लावता येणं हे खरं कसब.

आणि नेमका इथेच खड्डा आहे. मीही त्यात पडले, म्हणून जरा लांबण लावते.

ब्रँडवाले म्हणतात, ‘आमचा मरून हा’, आणि एक पँटोन नंबर देतात. नवखा डिझायनर तो सगळ्या फाइलींत टाकतो आणि निर्धास्त होतो. आता यादी काढून बघा. खोक्यावर चढवायचा गुळगुळीत, कोटिंग असलेला आर्ट पेपर, वर मॅट लॅमिनेशन, म्हणजे चमक नसलेली पातळ फिल्म. कपड्याला लटकवायच्या हँगटॅगचा खरखरीत, कोटिंग नसलेला कागद. आतला टिश्यू. सॅटिनची फीत. कॉलरमागचं विणलेलं लेबल. कुरियरची प्लास्टिक पिशवी. सहा वस्तू, बहुधा सहा वेगळे पुरवठादार, आणि प्रत्येकाकडे तोच नंबर.

नंबराच्या शेवटी सी किंवा यू असतं, ते कोटेड-अनकोटेडसाठी. शाई तीच, पण कोटिंग नसलेला कागद ती पिऊन टाकतो आणि मरून विटल्यासारखा दिसतो. मॅट फिल्म चढली की गडद रंगावर धुकं आल्यासारखं होतं, त्यामुळे लॅमिनेशनशिवायचं प्रूफ, म्हणजे नमुना छपाई, मंजूर करणं म्हणजे अर्धंच मंजूर करणं. फितीला आणि कापडाला हा नंबर चालतच नाही, त्यांच्यासाठी पँटोनची टीसीएक्स नावाची वेगळी मालिका आहे, सहा आकडी. 2020 चा ‘क्लासिक ब्लू’ आठवत असेल, 19-4052, तो त्यातला. शिवाय सॅटिनवर उजेड कुठून पडतो त्याप्रमाणे तीच फीत गडद किंवा फिकी दिसते. विणलेल्या लेबलात तर शाईच नाही, कारखान्याकडे असलेल्या दोऱ्यांतून जवळचा दोरा निवडायचा असतो.

बरं, हे सगळं जुळवलं तरी उजेड उरतोच. छापखान्यात रंग 5000 केल्विनच्या, म्हणजे डी50 उजेडात तपासतात. कापडाच्या धंद्यात बहुतेक डी65 चालतो, तो जास्त निळसर. दोघंही आपापल्या पेटीत बघून ‘शेड लागली’ म्हणतात, आणि दोघंही खरं बोलत असतात. मग खोका आणि फीत शोरूमच्या पिवळट दिव्याखाली एकत्र येतात आणि एक विटकरी, दुसरी जांभळट. याला मेटामेरिझम म्हणतात. यात चूक कुणाचीच निघत नाही, त्यामुळे बोट शेवटी डिझायनरकडेच वळतं. माझी पहिली मोठी ऑर्डर अशी शोरूममध्ये उघडली गेली तेव्हा फाइलमधला नंबर दाखवून काही उपयोग झाला नाही.

मग करायचं काय? नंबर सोडा, वस्तू धरा. सगळ्यात जास्त नजरेत येणारी वस्तू, समजा खोका, आधी खऱ्या कागदावर, खऱ्या लॅमिनेशनसह छापून घ्या. ती दिवसाच्या उजेडात आणि दुकानात जे दिवे असतील त्यांच्याखाली बघा. पसंत पडली की त्यावर मालकाची सही आणि तारीख घ्या, तुकडे कापा आणि प्रत्येक पुरवठादाराला एकेक द्या. इतपत फिकं आणि इतपत गडद चालेल असे आणखी दोन नमुने सोबत असले तर पुढची भांडणं वाचतात. एक तुकडा तुमच्याकडे बंद पाकिटात ठेवा. भिंतीवर लावून ठेवाल तर त्याचा रंग उडेल आणि पुढच्या हंगामात तुम्हीच चुकीच्या रंगाशी जुळवत बसाल.

दुसरी युक्ती मला जास्त आवडते. जे जुळणारच नाही ते जुळवायला जाऊ नका. टिफनीच्या निळ्या खोक्याला पांढरी फीत असते, हर्मेसच्या नारिंगीला तपकिरी. देखणं तर दिसतंच, पण सॅटिन आणि कागदाची शेड जुळवायची कटकटही सुटते. पूर्ण वेगळा रंग मुद्दाम केलेला वाटतो. जवळपास सारखा मात्र फसलेला वाटतो.

एवढं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. यातलं काहीही अवघड नाही, फक्त कुणी आधी सांगत नाही. मोठ्या पदांवरचे बरेच गुरू ‘ब्रँडची गोष्ट’ तासन्‌तास शिकवतात आणि छापखान्याची पायरी चढत नाहीत. माझा सल्ला विचाराल तर गुरू म्हणून मशीनमन, म्हणजे छपाईचं मशीन चालवणारा, धरा. नुसत्या बोटाने शीट चोळून ‘हा कागद शाई ओढणार’ म्हणणारा माणूस तुम्हाला महिन्याभरात जे देईल ते वेबिनारमधून मिळणार नाही.

कल्पकतेचं म्हणाल तर ती लागतेच, पण ती वस्तूतून आली तर टिकते. फ्रेंच फॅशन डिझायनर ज्याँ पॉल गोतिएचा 1993 चा परफ्यूम बाईच्या धडाच्या आकाराच्या बाटलीत होता आणि ती बाटली खाद्यपदार्थांसारख्या पत्र्याच्या डब्यात. पुमाने 2010 मध्ये डिझायनर इव्ह बेहारच्या फ्यूजप्रोजेक्ट या स्टुडिओकडून बुटांचा खोकाच बदलून घेतला, झाकण काढलं, पुठ्ठ्याच्या घडीवर पिशवी चढवली आणि पुठ्ठा 65 टक्क्यांनी कमी केला. डिझेल या कपड्यांच्या ब्रँडने 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या कॅनाल स्ट्रीटवर, जिथे नकली माल विकला जातो तिथेच, इंग्रजी नावातल्या आय आणि ई या दोन अक्षरांची अदलाबदल केलेलं दुकान थाटलं. लोक नकली समजत होते तो माल कंपनीचाच होता. जाहिरातीचा सगळा डाव एका लेबलवर. या तिघांतही कल्पना एका वाक्यात सांगता येते आणि तिला फॉइल (चमकती पन्नी), एम्बॉसिंग (उठाव), स्पॉट यूव्ही (ठरावीक जागी चकाकी) असलं एकावर एक चढवावं लागत नाही.

पोर्टफोलिओत तीन खरे खोके असले तरी पुरे. घरी आलेले खोके गोंद सोडवून सपाट करा, मापं घ्या, पांढऱ्या बोर्डात परत बांधा, आत बुटाएवढं वजन घालून उचलून बघा. तळ सुटला तर उत्तमच, तोही फोटो लावा आणि नंतर काय बदललंत ते खाली लिहा.

आणि कोटेशन देताना छपाईच्या दिवशी मशीनपाशी हजर राहण्याचे पैसे वेगळ्या ओळीत लिहा. ‘ते तर कामातच आलं ना’ असं म्हणणारे भेटतील. तरी ती ओळ काढू नका.